डेल्को हलतोय का? जुन्या जीपचं मिसफायरिंग आणि केसाएवढी ढिलाई

आजचा भाग जुन्या पेट्रोल गाड्यांवर आहे. आणि त्यातही एका अशा पार्टवर, जो तुमच्या बाईकमध्ये नाही, तुमच्या मामाच्या नव्या कारमध्येही नाही. पण ज्याच्या घरी जुनी पेट्रोल जीप किंवा प्रीमियर पद्मिनी उभी आहे, त्याचं डोकं सगळ्यात जास्त हाच पार्ट खातो. पुस्तकात त्याचं नाव डिस्ट्रिब्युटर. गॅरेजमध्ये त्याला म्हणतात डेल्को.

तक्रार बहुतेक वेळा एकसारखीच असते. समजा, चामोर्शीतल्या एखाद्या मुलाने घरची पडून असलेली पेट्रोल जीप चालू करायला घेतली. कार्बोरेटर साफ केला, बॅटरी नवी टाकली, गाडी चालू झाली. पण घोटच्या रस्त्याला लागली की झटके मारते. मिस्त्री म्हणतो, "मिस मारून राहिली भाऊ, पॉइंट टाकून देतो." नवा पॉइंट, नवा कंडेन्सर, नवे प्लग. गाडी एकदम मस्त! आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच. पुन्हा नवा पॉइंट. मग कोणीतरी सांगतो, "हे इंजिनच काढून टाक, डिझेल बसव."

इथेच थांबायचं. कारण अशा बऱ्याच गाड्यांमध्ये बदललेला एकही पार्ट वाईट नसतो. वाईट असते ती दोन पार्टांच्या मधली जागा. ती वाढलेली असते आणि ती कोणी मोजलेली नसते. आज आपण ती जागा मोजायला शिकणार आहोत.

डेल्को हे नाव कुठून आलं?

आधी नावाचा किस्सा, कारण तो मजेदार आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर होता. त्याने आणि एडवर्ड डीड्सने १९०९ मध्ये डेटन शहरात एक कंपनी काढली. नाव होतं डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. इंग्रजी नावातली अक्षरं जोडली की होतं डेल्को. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट वापरून ठिणगी पाडायची जी पद्धत पुढे पन्नास-साठ वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्यांत चालली, ती या केटरिंगची. बाटलीबंद पाण्याला आपण सरसकट बिसलेरी म्हणतो ना, तसंच. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडच्या गॅरेजांत तो पार्ट डेल्कोच झाला.

आपल्याकडे या डेल्कोवाल्या गाड्या आल्या त्या मुख्यतः दोन मराठी पत्त्यांवरून. एक, मुंबई. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिथे विलिस जीप जोडायला सुरुवात केली. उंच बॉनेटची जुनी जीप तुम्ही पाहिली असेल. तिच्या आत चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असायचं, साधारण २२०० सीसीचं. दोन, कुर्ला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना तिथला. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट बनायला लागली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

आपल्या भागात पद्मिनीपेक्षा जीपचं राज्य जास्त. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी चामोर्शी चंद्रपूर जिल्ह्यातच होती. जंगल, नाले, पावसात चिखल. अशा ठिकाणी फोर-व्हील जीपच चालणार. पुढे डिझेल स्वस्त म्हणून कितीतरी जीपांची पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवली गेली. डिझेल इंजिनला ठिणगीच लागत नाही, म्हणून डेल्कोही गेला. आणि डेल्को गेला तसे तो जुळवणारे हातही कमी झाले. म्हणून आज पेट्रोल जीप चालू करणाऱ्या मुलाला विचारायला माणूस सापडत नाही.

तो नेमकं करतो काय?

तुमच्या बीएस-६ बाईकमध्ये एक सेन्सर फिरणाऱ्या चाकाचे दाते मोजतो आणि एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो की ठिणगी कधी पाडायची. जुन्या जीपमध्ये हेच काम एक उभा शाफ्ट करतो. शाफ्टच्या वरच्या भागावर कॅम असतो, त्याला चार उंचवटे. चार सिलिंडर, चार उंचवटे. कॅमला टेकून एक फायबरची टाच असते आणि त्या टाचेला जोडलेला असतो पॉइंट, म्हणजे एक छोटासा स्विच.

पॉइंट मिटलेला असतो तेव्हा कॉइलमधून करंट जातो. कॅमचा उंचवटा टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतो, करंट तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. ते वरचा रोटर ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या वायरकडे पाठवतो. जीपमध्ये पाळी असते एक, तीन, चार, दोन.

एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवा. ठिणगी पडते पॉइंट उघडताना. म्हणजे पॉइंटची गॅप आणि इंजिनचं टायमिंग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे सरकतं. गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतो, टायमिंग मागे पडतं.

आता आकडे. विलिस जीपच्या पॉइंटची गॅप असते वीस थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वीस थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर. झेरॉक्सचे पाच कागद एकावर एक ठेवा, साधारण तेवढी जाडी. टॉप गिअरमध्ये जीप एक किलोमीटर गेली की इंजिन साधारण २४०० फेरे मारतं. प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या. चामोर्शीहून गडचिरोली तिसेक किलोमीटर. म्हणजे एकदा गडचिरोलीला पोचेपर्यंत हा पॉइंट जवळजवळ दीड लाख वेळा उघडतो आणि मिटतो. आणि प्रत्येक वेळी पाच कागदांएवढीच गॅप हवी. साडेचार नाही, साडेपाच नाही.

झीज दोन प्रकारची

पहिली झीज टाचेची. फायबर कॅमवर घासतं, हळूहळू कमी होतं, गॅप लहान होत जाते, टायमिंग मागे पडतं, पिकअप जातो. ही झीज साधी आहे, कारण ती एका दिशेने, संथ चालते. स्क्रू सैल करा, गॅप पुन्हा वीस थाऊ करा, झालं.

दुसरी झीज बुशची. शाफ्ट ज्या पितळी-ब्राँझच्या नळकांड्यात फिरतो ते बुश. नवं असताना शाफ्ट आणि बुशमध्ये दोन-चार शतांश मिलिमीटरची जागा असते. तिथे तेलाचा पातळ थर राहतो. तेल टाकायचं विसरलं, धूळ गेली, वर्षं गेली की बुश झिजतं आणि शाफ्ट आडवा हलायला लागतो. बैलगाडीचा आस झिजला की चाक कसं डुगडुगतं? अगदी तसं. फक्त हे डुगडुगणं डोळ्याला दिसत नाही.

आता गंमत बघा. समजा शाफ्ट एका कागदाएवढा हलतो, म्हणजे ०.१ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण शाफ्टवरच कॅम आहे. कॅम टाचेकडे सरकला की गॅप वाढली, लांब गेला की कमी झाली. पाच कागदांची गॅप कधी साडेपाच, कधी साडेचार. ढोबळ हिशोब असा की एक थाऊ गॅप बदलली की टायमिंग जवळपास एक डिग्री सरकतं. ०.१ मिलिमीटर म्हणजे चार थाऊ, म्हणजे साधारण चार डिग्री. आणि विलिस जीपचं मूळ टायमिंग आहे किती? वरच्या बिंदूच्या आधी पाच डिग्री. पाच डिग्रीच्या सेटिंगमध्ये चार डिग्रीचा हेलकावा!

आणि हा हेलकावा एका दिशेचा नाही. एक ठिणगी लवकर, दुसरी उशिरा. म्हणून स्क्रू फिरवून तो जात नाही. नवा पॉइंट टाकल्यावर काही दिवस बरं का वाटतं? कारण पॉइंटचे तोंड स्वच्छ असतात, मिस्त्रीने टायमिंगही नव्याने लावलेलं असतं. पण मूळ दुखणं खाली बुशमध्ये तसंच बसलेलं असतं.

शिवाय थेंबे थेंबे तळे साचे. विलिस इंजिनमध्ये डेल्कोचा शाफ्ट खाली ऑइल पंपाच्या शाफ्टला जीभ-खाच अशा जोडणीने बसतो. त्या खाचेत थोडी ढिलाई. वर टायमिंग पुढे नेणारी छोटी वजनं असतात, त्यांच्या पिनांत थोडी ढिलाई. स्प्रिंग थोड्या ताणलेल्या. प्रत्येक ठिकाणी कोणी म्हणतं, "एवढं चालतं." एकेकटं चालतंही. सगळ्यांची बेरीज चालत नाही.

घरी कशी तपासायची?

आधी काळजी. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पेट्रोल गळत असेल तर आधी ते थांबवा. इंजिन चालू असताना गळ्यातला गमछा किंवा ओढणी पंख्याजवळ न्यायची नाही आणि प्लगच्या वायरींना हात लावायचा नाही.

पहिली तपासणी, हाताची. कॅप काढा, रोटर वर ओढून काढा. शाफ्टचं वरचं टोक दोन बोटांत धरा आणि आडवं हलवा, पॉइंटच्या दिशेने आणि उलट. नव्या डेल्कोत जवळजवळ काहीच जाणवत नाही. "टक टक" जाणवलं तर बुश संशयित. इथे एक फसवणूक सांभाळा. रोटर बसवून तो गोल फिरवला तर एका बाजूला थोडा फिरतो आणि सोडला की परत येतो. ती झीज नाही, ती वजनांची यंत्रणा आहे, ती तशीच हवी. उलट तो परत येत नसेल तर बिघाड आहे. आपल्याला शोधायचंय ते आडवं हलणं.

दुसरी तपासणी, आकड्याची. एक फिलर गेज घ्या, हार्डवेअरच्या किंवा ऑटो पार्टच्या दुकानात मिळतं. हँडलने इंजिन हळू फिरवा, टाच कॅमच्या उंचवट्याच्या टोकावर आणा. शाफ्ट बोटाने पॉइंटकडे दाबून गॅप मोजा, लिहा. मग शाफ्ट उलट दाबून मोजा, लिहा. समजा एकदा वीस आली, एकदा सोळा. फरक चार थाऊ. हीच तुमची ढिलाई. असं चारही उंचवट्यांवर करा. चारही ठिकाणी फरक सारखा असेल तर बुश. एखाद्या उंचवट्याची गॅपच वेगळी येत असेल तर शाफ्ट वाकडा किंवा कॅम झिजलेला.

तिसरी तपासणी, मीटरची. ड्वेल मीटर असलेला इलेक्ट्रिशियन ओळखीचा असेल तर त्याच्याकडे जा. पॉइंट किती डिग्री मिटलेला राहतो ते हे मीटर दाखवतं. जीपला साधारण ४२ डिग्री हवी. इंजिनचा वेग वाढवताना हा आकडा दोन-तीन डिग्रींपेक्षा जास्त भटकला, तर शाफ्ट डुलतोय असं समजा.

या तिन्हींचे आकडे मोबाइलच्या नोट्समध्ये तारखेसकट लिहून ठेवा. शाफ्ट हलतानाचा एक छोटा व्हिडिओ काढून ठेवा. मिस्त्री लांब असेल तर हे पाठवता येतं. "गाडी मिस मारते" एवढं सांगितलं तर तो पुन्हा पॉइंटच म्हणणार. "चार थाऊ आडवा प्ले आहे" सांगितलं तर बोलणंच बदलतं.

लेथवाल्याकडे काय सांगायचं?

बुश नवं बनवता येतं, आणि ते काम आपल्या भागात होऊ शकतं. राईस मिल, ट्रॅक्टर, पंप, चंद्रपूरकडच्या खाणी आणि कारखाने, या सगळ्यांची दुरुस्ती करणारे लेथ मशीनवाले आहेत. फक्त चार गोष्टी स्पष्ट सांगायच्या.

एक, आधी शाफ्ट मायक्रोमीटरने मोजा. जिथे बुश घासतं तिथे आणि जिथे घासत नाही तिथे. शाफ्टच झिजलेला असेल तर मूळ मापाचं नवं बुश टाकूनही तो ढिलाच राहणार. बुश त्या शाफ्टच्या मापाने करावं लागेल, किंवा शाफ्टच भरून घासावा लागेल.

दोन, बुश दाबून बसवलं की त्याचं भोक किंचित आवळतं. म्हणून शेवटचं माप बसवल्यानंतर रीमरने काढायचं, आधी नाही. दोन बुश असतील तर दोन्हींची भोकं एका रेषेत यायला हवीत.

तीन, "अगदी टाईट बसवा" असं म्हणू नका. हे फार महत्त्वाचं. तेलाला जागा नसेल तर शाफ्ट गरम होऊन जाम होतो. विलिसमध्ये तो ऑइल पंपाला जोडलेला आहे, म्हणजे ठिणगीचं दुखणं बरं करताना तुम्ही खालची जोडणी तोडू शकता. ढिलाई जशी वाईट तसा आवळपणाही वाईट. टॉलरन्स म्हणजे या दोन टोकांमधली परवानगी. शाफ्ट बोटाने सहज फिरला पाहिजे, आडवा हलता कामा नये.

चार, डेल्को काढण्याआधी रोटरचं तोंड कुठे आहे आणि बॉडी कशी बसली आहे, याचे फोटो काढा. परत बसवताना अर्धा दिवस वाचेल.

आणि नंतर तेल विसरायचं नाही. विलिसच्या डेल्कोच्या बाजूला तेल टाकायची छोटी जागा असते, तिथे इंजिन ऑइलचे काही थेंब. रोटरखालच्या वातीवर तीन-चार थेंब. कॅमवर ग्रीसचा नुसता हात, जास्त नको. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं आणि पॉइंट जळतो.

"इलेक्ट्रॉनिक किट टाकलं तर?"

हा प्रश्न येणारच. पॉइंटच्या जागी सेन्सर बसवणारी किट मिळतात आणि ती चांगलीही असतात. टाचेची झीज संपते, गॅप लावायची कटकट संपते. पण तो सेन्सर ज्याच्याकडे बघतो ती चकतीही त्याच झिजलेल्या शाफ्टवर बसते. शाफ्ट डुलला तर सेन्सरलाही डुलणारंच दिसणार. म्हणून किट टाकायचं असेल तरी आधी बुश बघा. किट हा बुशला पर्याय नाही.

कंडेन्सर आणि रोटरबद्दल एकच सांगतो. जुना कंडेन्सर चांगला असेल तर तो फेकू नका, तेलकट कापडात गुंडाळून जीपमध्येच ठेवा. नवा म्हणजे चांगलाच असं नसतं. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ लवकर दिसायला लागलं, तर कंडेन्सरच्या मापावर संशय घ्या. साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा हवा. आणि पावसाळ्यात कॅपला आतून केसासारखी काळी रेघ दिसली तर ती तडा आहे, ठिणगी तिथून पळते. तिला औषध नाही, कॅप बदला.

एवढा खटाटोप कशासाठी?

कोणी म्हणेल, डिझेल बसवून मोकळे व्हा. तो प्रत्येकाचा निर्णय. पण जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी, म्हणजे चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली, तिला वेगळी व्हीए मालिकेची पाटी मिळू शकते. ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला नाही, रॅली-प्रदर्शनाला आहे. इंजिन उपटून फेकलं की हा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद होतो. तेही एका बुशपायी.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. घोट ते मुलचेरा रस्त्यावर संध्याकाळी गाडी बंद पडली तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कितीतरी ठिकाणी नेटवर्क नाही. जंगलात वाघ आहेत, अलीकडे रानटी हत्तीही आलेत. तिथे यूट्यूब उघडणार नाही. तिथे उपयोगाला येईल तो खिशातला फिलर गेज आणि डोक्यातला वीस थाऊचा आकडा.

आणि तिसरं. तुमच्यातले काही जण आयटीआयला आहेत, फिटर किंवा टर्नर ट्रेडला. जुन्या पेट्रोल जीप चालू करायचा नाद आता पुन्हा वाढतोय. पार्ट बदलणारे भरपूर आहेत. माप घेऊन बुश बनवून देणारा, "किती थाऊ" सांगू शकणारा माणूस कमी आहे. त्याला काम मिळेल.

तर या रविवारी एवढंच करा. घरी, शेजारी, मित्राकडे जुनी पेट्रोल जीप किंवा पद्मिनी असेल, तर कॅप काढून शाफ्ट हलवून बघा. दोन गॅप मोजा, फरक लिहा आणि आम्हाला कळवा. गाडीचं मॉडेल, चारही उंचवट्यांचे आकडे आणि बुश कधी बदललं होतं ते लिहा. आलेले आकडे पुढच्या भागात वाचून दाखवू, आणि कोणाला बुश बदलायची गरज आहे, कोणाचं फक्त तेलावर भागेल, तेही बघू.

तोवर नमस्कार. आणि पॉइंट घ्यायला दुकानात जाण्याआधी, मोजा!